जुना फोटो बघताना आधी कॅमेरा कुठे होता ते शोधा

जानेवारी २०२५ मध्ये वानखेडे स्टेडियमला पन्नास वर्षं झाली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने सोहळा केला, मैदानावर चेंडू मांडून वाक्य लिहिण्याचा विक्रमही झाला, आणि त्या निमित्ताने लोकांनी कपाटं उघडली. वानखेडेचे जुने फोटो बाहेर आले, त्यांच्या मागोमाग ब्रेबॉर्नचे. प्रत्येक फोटोबरोबर एक आठवण: बाबांनी नेलं होतं, डब्यात पुऱ्या होत्या, गावसकर बाद झाल्यावर घरी निघालो.

ते सगळं मी आवडीने बघितलं. पण इथे मला त्या साठ्याकडे साधन म्हणून बघायचंय आणि त्यावर टीका करायचीय. तुमच्यापैकी काही जण पेटची तयारी करताय, काहींचा सिनॉप्सिस विभागात अडकलाय. 'प्राथमिक साधन म्हणजे काय' याची व्याख्या तुम्हाला पाठ असणार. ती व्याख्या एका खऱ्या फोटोवर लावून बघितली की ती किती तोकडी आहे ते कळतं.

एक फोटो घ्या. उंच टोनी ग्रेग बुटक्या गुंडप्पा विश्वनाथला तान्ह्या बाळासारखं हातांवर घेऊन उभा आहे. विश्वनाथचं शतक नुकतंच झालंय. प्रसंग मुंबई कसोटीतला, फेब्रुवारी १९७३. समजा खाली कुणी लिहिलंय, 'वानखेडेवर मी स्वतः होतो.' आता वानखेडेवर पहिली कसोटी जानेवारी १९७५ मध्ये झाली. १९७३ ची कसोटी ब्रेबॉर्नवर होती. मग तो माणूस खोटं बोलतोय का? घाई करू नका. ग्रेग फेब्रुवारी १९७७ मध्ये इंग्लंडचा कर्णधार म्हणून परत मुंबईत खेळला, तेव्हा सामना वानखेडेवर होता. दोन्ही मैदानं चर्चगेट स्टेशनवरून चालत काही मिनिटांवर. आठवणीने दोन दौरे एकात घातले, एवढंच. अशी चूक सापडली की नवखा अभ्यासक आठवण फेकून देतो. मी ती ठेवीन, कारण तो माणूस दोन्ही मैदानांवर गेला असण्याची शक्यता या चुकीमुळेच दिसते, आणि असा साक्षीदार मिळणं ही चैन आहे.

चुंबनांचंही तसंच. जानेवारी १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रेबॉर्नवर अब्बास अली बेगच्या गालाचा एका मुलीने मुका घेतला. १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध वानखेडेवर ब्रिजेश पटेलच्या बाबतीत तेच झालं. पंधरा वर्षांचं अंतर, वेगळं मैदान, तरी आठवणींत ही दोन्ही दृश्यं सरमिसळ होतात. त्यात सलमान रश्दींनी १९९५ च्या 'द मूर्स लास्ट साय' या कादंबरीत बेगच्या चुंबनाचं एक काल्पनिक चित्रच रंगवलं. त्यामुळे १९६० साली जन्मही न झालेल्या माणसाला तो प्रसंग 'आठवतो'. ही आठवण प्रसंगाची की कादंबरीची, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारत कुणी नाही, कारण विचारणं असभ्य वाटतं.

तारीख ठरवण्याच्या दोन-तीन साध्या खुणा सांगून पुढे जातो. पांढरे कपडे म्हणजे कसोटी, असं धरू नका. ५ नोव्हेंबर १९८७ ची विश्वचषकाची उपांत्य फेरी, ज्यात ग्रॅहम गूचने स्वीप मारमारून ११५ केल्या, ती वानखेडेवर पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने झाली. वानखेडेवर ताणलेल्या कापडासारखं पांढरं छप्पर दिसलं तर फोटो २०११ च्या विश्वचषकासाठी झालेल्या नूतनीकरणानंतरचा. आणि ब्रेबॉर्न म्हटलं की जुना काळ हेही खरं नाही. डिसेंबर २००९ मध्ये तिथे पुन्हा कसोटी झाली आणि सेहवाग २९३ वर बाद झाला.

हे सगळं तपशिलाचं काम आहे, ते चिकाटीने जमतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे.

या फोटोंबरोबर सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते: आधी देखणं ब्रेबॉर्न होतं, मग मोठं वानखेडे आलं, दोन्हीवर आपलं प्रेम. ब्रेबॉर्न का सुटलं याबद्दल एक ओळ नाही, असलीच तर 'काही वाद झाला'. पण तो वादच या दोन स्टेडियमचा इतिहास आहे, आणि तो वाद खुर्च्यांचा होता.

ब्रेबॉर्न डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झालं. समुद्रात भराव घालून मिळवलेली जमीन, मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, नाव मुंबईच्या गव्हर्नरचं. त्याच मोसमात चौरंगी सामन्यांची पंचरंगी स्पर्धा झाली. हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन या संघांत 'रेस्ट' नावाचा पाचवा संघ आला. आणि त्या पहिल्याच वर्षी हिंदूंचा संघ उतरला नाही. नव्या स्टेडियममध्ये हिंदू जिमखान्याच्या वाट्याला किती जागा, यावर क्लबशी बिनसलं होतं. आता पस्तीस वर्षं पुढे या. सामने भरवायची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, मैदान क्लबचं, आणि कसोटीच्या वेळी कुणाला किती तिकिटं यावर दर वेळी खडाजंगी. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे तेव्हा विधानसभेचेही अध्यक्ष होते, त्यांनी स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं आणि जेमतेम वर्षभरात ते उभं केलं. म्हणजे ब्रेबॉर्नच्या पहिल्या मोसमात भांडण खुर्च्यांवरून, आणि १९७३ नंतर तिथली कसोटी गेली तीही खुर्च्यांवरून.

आता हे डोक्यात ठेवून फोटो पुन्हा बघा. ब्रेबॉर्नचे जे घरगुती फोटो माझ्या बघण्यात आले, त्यातले बहुतेक क्लबच्या बाजूने काढलेले आहेत. पुढे हिरवळ, बाजूला खुर्च्या, कुणाचा तरी सूट, आणि लांब समोर ईस्ट स्टँड: राखाडी ठिपक्यांचा एक पट्टा. ईस्ट स्टँड फोटोत आहे, पण फोटो ईस्ट स्टँडमधून काढलेला नाही. यात नवल काही नाही. त्या काळी कॅमेरा महाग होता, रोल महाग होता, आणि तो परवडणारा माणूस साधारण त्याच बाजूला बसत होता.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर इथली गहाळ माहिती योगायोगाने गहाळ झालेली नाही. शहराचं तापमान मोजायला सगळे तापमापक एसी खोल्यांत ठेवले, तर तापमापक हजार असले काय नि दहा असले काय, उत्तर गारच येणार. फोटोंची संख्या वाढवून हा दोष जात नाही, उलट आत्मविश्वास वाढतो. 'इतके फोटो बघितले, सगळीकडे तीच शांत सुंदर दुपार.' हो, कारण सगळे कॅमेरे त्या दुपारच्याच बाजूला होते.

आमच्या छावणीत राहणाऱ्याला हे फार समजावावं लागत नाही. लष्करी हद्दीच्या फलकापलीकडे फोटो काढता येत नाही. उद्या कुणी छावणीच्या जुन्या फोटोंचा संग्रह केला, तर त्यात चर्च येईल, आठवडी बाजार येईल, आणि ज्या कारणासाठी ही वस्ती मुळात वसली ते जवळपास दिसणारच नाही.

फोटोत दिसणारा माणूसही पूर्ण दिसतो असं नाही. ब्रेबॉर्नच्या आधीचं उदाहरण आहे, पण टाळवत नाही. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, त्यात पळवणकर बाळू होता, त्या दौऱ्यावर शंभराहून जास्त बळी घेणारा. संघाच्या फोटोत तो सगळ्यांसारखाच एक. हाच बाळू पुण्यात हिंदूंच्या क्लबकडून खेळायचा तेव्हा त्याचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात यायचा, कारण तो चांभार समाजातला. संघाचा फोटो चहाच्या वेळी काढत नाहीत. नागसेनवनातून शिकलेल्या मित्रांना मी हे सांगायची गरज नाही, तरी जे फक्त फोटोवरून 'मैदानावर सगळे समान' असा निष्कर्ष काढतात त्यांच्यासाठी लिहितोय.

आठवणींवरही एक आक्षेप आहे. 'मी डोळ्यांनी बघितलं' हे वाक्य स्टेडियमच्या बाबतीत जपून घ्यावं. नोव्हेंबर १९६९, ब्रेबॉर्न, ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी. वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं आणि स्टेडियम पेटलं, अक्षरशः: खुर्च्या जाळल्या गेल्या. पण स्टँडमध्ये बसलेल्या माणसाला बॅटची कड लागली की नाही हे दिसणं अवघड. लोकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होते, आणि निर्णय चुकला हे त्यांनी समालोचनात ऐकलं. म्हणजे प्रत्यक्षदर्शी तिथे हजर होता, पण त्याचं साधन कान होतं आणि ते बाहेरच्या आवाजावर चालत होतं. मुलाखत घेताना हा फरक लिहून ठेवला नाही, तर पुढे तुमच्या प्रबंधात 'प्रेक्षकांनी पाहिले की' असं वाक्य जाईल आणि परीक्षक तिथेच बोट ठेवेल.

आणि हल्लीची नवी खोड: जुन्या कृष्णधवल फोटोंना रंग चढवणं. गवत हिरवं, आकाश निळं, अंधूक चेहरे एकदम स्पष्ट. बघायला छान वाटतं, नाकारत नाही. पण तो निळा रंग संगणकाचा अंदाज आहे, आणि स्पष्ट झालेला चेहरा तर कुणाचाच नाही. ईस्ट स्टँडमधल्या ज्या माणसाचा मुळात एक ठिपका उरला होता, त्याच्या जागी आता एक बनावट माणूस बसवला. त्याच्यावर झालेला हा दुसरा अन्याय आहे असं मला वाटतं. शिवाय फोटो एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना त्याची मूळ तारीख वगैरे माहिती झडते, कडा कापल्या जातात, छायाचित्रकाराचं नाव उडतं. आमच्या लॅबमध्ये लेबल नसलेली बाटली सापडली तर आत काय आहे यावर चर्चा होत नाही, बाटली सरळ बाद. फोटोला इतकं कठोर होऊ नका, पण मूळ प्रत कुणाकडे आहे हे लिहिल्याशिवाय तो वापरू नका.

मग या साठ्याचं करायचं काय? माझं मत असं की आठवण सिद्ध करायला फोटो वापरणं थांबवा आणि फोटोला प्रश्न विचारायला आठवण वापरा. तुमच्या घरात, गल्लीत सत्तरी ओलांडलेले कुणी आजोबा, मामा, काकू मुंबईत राहिलेले असतील, त्यांच्यासमोर फोटो ठेवा. कोण खेळलं, किती धावा झाल्या हे विचारून वेळ घालवू नका, ते धावफलकात छापलेलं आहे आणि तिथे ते बरोबर आहे. त्यांना विचारा: तुम्ही या फोटोत कुठे बसला असता? तिकीट कुणी आणलं होतं? ऑफिसच्या कोट्यातून, क्लबचा सभासद असलेल्या ओळखीच्याकडून, की रांगेत उभं राहून? पाणी कुठे मिळायचं? बायका सोबत होत्या का, आणि त्यांची सोय काय होती? पोलीस कुठल्या बाजूला जास्त असायचे? हा शेवटचा प्रश्न जानेवारी १९७५ साठी खास ठेवा. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झाल्यावर अभिनंदन करायला धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं, आणि कोऱ्या करकरीत वानखेडेवर पहिल्याच कसोटीत दंगल झाली. लॉइड २४२ वर नाबाद राहिला, हे सगळे सांगतात. तो मुलगा कुठल्या स्टँडमधून आला होता?

आणि कुणाच्या जुन्या पाकिटात तिकिटाचा तुकडा निघाला, तर मला विचाराल तर तो दहा फोटोंना भारी. त्यावर स्टँड आहे, किंमत आहे, दिवस आहे. काढून घेऊ नका, त्यांच्यासमोरच दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागची बाजू विसरू नका, लोक तिथे पेनाने काहीतरी लिहून ठेवतात.