अंतिम सामन्याची चित्रफीत : काळ, अध्याहार आणि संकेतार्थ

मैदानावरील सामना आणि घरी पाहण्यासाठी केलेले त्याचे संकलन या दोन भिन्न वस्तू होत. ही गोष्ट उघड असली, तरी तिचा विचार क्वचितच केला जातो. फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा. त्याचा सारांश दहा मिनिटांचा, कित्येकदा त्याहूनही आखूड. उरलेल्या मिनिटांचे काय झाले, असे विचारल्यास ‘त्यांत काही घडले नाही’ असे उत्तर सहसा मिळते. या उत्तरात ‘घडणे’ या क्रियापदाचा जो अर्थ गृहीत धरलेला असतो, तोच प्रथम तपासला पाहिजे.

या तपासणीसाठी वसई-विरारचा प्रेक्षक डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त ठरेल. वसईच्या ख्रिस्ती गावांतून शाळांच्या व चर्चच्या मैदानांवर फुटबॉल खेळला जातो, आणि चेंडूमागे स्वतः धावलेले लोक येथे पुष्कळ आहेत. १९८० नंतरच्या दशकात व्हीसीआर व भाड्याच्या कॅसेटी घरोघरी पोहोचल्या. आज तेच काम मोबाइल करतो. विरार ते चर्चगेट हे सुमारे ६० किलोमीटरांचे अंतर कापण्यास धीम्या लोकलला लागणारा वेळ आणि मध्यंतर धरून एका सामन्यास लागणारा वेळ यांत फारसा फरक नाही. सारांश मात्र विरारहून निघालेली गाडी नायगाव सोडून खाडीपुलावर येण्यापूर्वीच संपलेला असतो.

पहिला प्रश्न काळाचा आहे. २९ जून १९८६ रोजी मेक्सिको शहरात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अर्जेंटिनाने २३ व्या व ५५ व्या मिनिटास गोल करून पश्चिम जर्मनीवर आघाडी मिळवली. पुढे जवळजवळ वीस मिनिटे गोलसंख्या हलली नाही. नंतर दहा मिनिटांच्या आत जर्मनीने दोन गोल करून बरोबरी साधली आणि लगेच बुरुचागाच्या गोलाने सामना ३-२ असा अर्जेंटिनाकडे गेला. केवळ गोल जोडून केलेल्या चित्रफितीत हे पाचही प्रसंग समान अंतरावर येतात. त्यामुळे प्रथम जे सावकाश चालले होते आणि शेवटी जे कोसळल्यासारखे झाले, त्यांतील भेदच पुसला जातो. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे, तर ‘जर्मनी झुंजत होती’ हा अपूर्ण भूतकाळ नाहीसा होऊन ‘गोल झाला, गोल झाला’ अशी साध्या भूतकाळाची माळ तेवढी शिल्लक राहते.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. त्याच स्पर्धेत २२ जून रोजी इंग्लंडविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात मॅराडोनाने ५१ व्या मिनिटास हाताने ढकललेला आणि ५५ व्या मिनिटास अर्ध्या मैदानातून एकट्याने नेलेला असे दोन गोल केले. हे दोन गोल इतक्या वेळा एकत्र दाखविले गेले आहेत की, सामना तेथेच संपला अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बदली खेळाडू म्हणून आलेल्या बार्न्सच्या पासवर लिनेकरने ८१ व्या मिनिटास गोल केला आणि अखेरच्या काही मिनिटांत तशाच आणखी एका पासवर बरोबरी अगदी थोडक्यात हुकली. मराठीत अशा प्रसंगासाठी स्वतंत्र अर्थ आहे : ‘चेंडू आत गेला असता, तर सामना लांबला असता.’ हा संकेतार्थ होय. सामना पाहण्यातील उत्कंठा याच अर्थात वसत असते. जे झाले नाही, पण होऊ शकले असते, ते गाळले की विजय अटळ भासू लागतो आणि पराभूत संघ हा विजेत्याच्या वाटेतील केवळ निमित्त ठरतो.

यावर संकलकाच्या बाजूने असे म्हणता येईल की, गाळणे हा भाषेचाही स्वभावच आहे. हे खरे आहे. परंतु भाषेतील अध्याहाराला एक अट असते : गाळलेले पद संदर्भावरून परत मिळाले पाहिजे. ‘कोण आले?’ या प्रश्नास ‘भाऊ’ एवढे उत्तर पुरते, कारण ‘आला’ हे पद ऐकणाऱ्याजवळ असते. ज्याने सामना पाहिला आहे, त्याच्यापुरता सारांशही असाच अध्याहार होय. ज्याने तो पाहिलेला नाही, त्याच्यापुरता मात्र तो लोप होय. संकलनाच्या बऱ्यावाईटाची कसोटी येथे लावली पाहिजे.

१३ मार्च २०२१ रोजी गोव्यातील फातोर्डा मैदानावर झालेला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना या कसोटीस लावून पाहावा. मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-१ असे हरविले. गोल १८ व्या, २९ व्या व ९० व्या मिनिटास झाले. म्हणजे केवळ गोल घेतल्यास मधली ६१ मिनिटे लोप पावतात. याच मिनिटांत, मध्यंतरापूर्वी, मुंबईचा बचावपटू अमेय रानवडे टक्कर होऊन कोसळला व त्याला रुग्णवाहिकेतून न्यावे लागले. महासाथीमुळे मैदानात प्रेक्षक नव्हते. तेव्हा त्या शांततेची आठवण सांगणारा जमावही नाही. अशा सामन्याच्या सारांशात हा खंड किमान सूचित केला नाही, तर बिपिन सिंगच्या अखेरच्या गोलामागे खेळाडूंनी मनावर काय वागविले होते, हे नव्या प्रेक्षकास कळण्याचा मार्ग उरत नाही.

मोठ्या स्पर्धांचे मूळ चित्रण बहुधा कोठे तरी जतन होते. गावच्या स्पर्धेस तो आधार नसतो. तेथे संकलित फीत हीच एकमेव साक्ष ठरू शकते. त्यातून तिच्यावर संगीत चढविले की मैदानाच्या कडेचे बोलणेही जाते. वसईत हे बोलणे सामवेदी वा वाडवळी बोलीतील असू शकते. उतावीळ, उत्स्फूर्त आणि म्हणूनच बोलीच्या अभ्यासकास मोलाचे. संकलकाने सारांश अवश्य करावा. मात्र त्यात एखादी हुकलेली संधी आणि थोडा थांबलेला खेळ राहू द्यावा, आणि मूळ चित्रण त्याच्या ध्वनीसह वेगळे जपून ठेवावे. गोलसंख्या कागदावरही टिकते. ‘गेला असता’ हे उद्गार ज्या क्षणी, ज्या बोलीत निघाले, ते मात्र या फितीखेरीज अन्यत्र सापडणार नाहीत.