मांडवातील भाऊ-बहीण : भोर-वेल्हे परिसरातील ओव्यांचा पुनर्विचार

जात्यावरील ओवीतील लग्न म्हटले की सासरी निघालेली लेक आणि तिच्यासाठी झुरणारी माय, हेच चित्र आपल्या समीक्षेने प्रमाण मानले. साने गुरुजींच्या 'स्त्री जीवन' या संग्रहाच्या वाचनातून ही दृष्टी बळावली असावी. हे चित्र खोटे नाही; अपुरे मात्र निश्चित आहे. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या डोंगरी तालुक्यांच्या परिसरातील ओव्या वाचताना जाणवते की, लग्नाच्या मांडवात श्रीमंती-गरिबीची खरी ठिणगी पडते ती वरपक्ष आणि वधूपक्ष यांच्यात नव्हे, तर सख्ख्या भावा-बहिणीत.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी 'गरीब डोंगरी संघटने'शी निगडित स्त्रियांच्या साहाय्याने ओव्या जमविल्या आणि पुढे महाराष्ट्रभर विस्तारलेला हा संग्रह एक लाखाच्या वर गेला. त्यात वारंवार येणारा एक प्रसंग असा : बहीण आपल्या मुलासाठी भावाची लेक मागते. ही मागणी म्हणजे याचना नव्हे, हक्क होय. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंस्थेवरील १९५३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाची मुलगी करणे इष्ट समजले जाते. उलट दिशेचा विवाह मात्र, वेल माघारी येऊ नये म्हणून, टाळला जातो. भावाने नकार दिला की मोडते ती केवळ सोयरीक नव्हे, तर बहिणीचे माहेरातील स्थान. भाऊ तालेवार आणि बहिणीचे घर फाटके असेल, तर नकाराचे कारण कोणी सांगावे लागत नाही. आहेराच्या लुगड्याचा पोतही तेच बोलतो.

या विषमतेला भूगोल आहे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या भाटघर धरणाचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या उसाच्या पट्ट्यात गेले. वरच्या खोऱ्यांत पावसावरचा भात, नाचणी, वरई आणि मुंबईची वाट उरली. एकाच आईची लेकरे अशा वेगवेगळ्या घरांत पडली, तर एका पिढीत त्यांची ऐपत वेगळी होते. ओवी धरणाचा हिशेब मांडत नाही, तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. ती फक्त उंबऱ्याशी झालेले स्वागत टिपते.

विषयवार वर्गीकरणात या ओव्या 'भाऊ-बहीण' या सदराखाली जातात आणि त्यांतील आर्थिक ताण मायेच्या लेबलाखाली झाकला जातो. संकलकांना दोष देण्याचा हेतू नाही (एवढ्या राशीला सदरे हवीतच), पण अभ्यासकाने सदराला अर्थ समजू नये.

तथापि ओवीचीही एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. नकाराचा ठपका ती भावावर ठेवीत नाही. भाऊ भोळा, मायाळू. त्याला फितविणारी ती भावजय, परक्याची लेक. मालमत्तेतून जन्मलेला दुरावा येथे एका स्त्रीच्या स्वभावदोषात रूपांतरित होतो आणि वारसा मिळालेला पुरुष निर्दोष सुटतो. गायिकेच्या दृष्टीने हे अपरिहार्यच होते : भावावर रोष धरला, तर माहेरचे एकुलते दार बंद व्हायचे. तीच भावजय पहाटे आपल्या जात्यावर बसली की स्वतःच्या भावाची वाट पाहणारी बहीण होते आणि आपल्या माहेरच्या भावजयीवर नेमका तोच ठपका ठेवते. जाते एक, खुंटा धरणारा हातही एक. पण या दोन ओव्या शेजारी ठेवून वाचण्याचे काम आपल्या लोकसाहित्य-समीक्षेने अद्याप पुरेसे केलेले नाही.