बीबीसी मायक्रो : शाळेत आलेला संगणक आणि आपली लिपी

केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या प्रकल्पाद्वारे देशातील सुमारे २५० निवडक शाळांत संगणक देण्यास सुरुवात केली. त्यासाठी निवडलेले यंत्र म्हणजे ‘बीबीसी मायक्रो’. केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीने ते बीबीसीच्या संगणक-साक्षरता कार्यक्रमासाठी तयार केले. डिसेंबर १९८१ मध्ये ते इंग्लंडच्या बाजारात आले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची ‘युनिकॉर्न’ ही भारतीय आवृत्ती काढली. या यंत्राची आठवण बहुधा कौतुकानेच निघते. ते कौतुक रास्त आहे. पण आपल्या वर्गाच्या दृष्टीने त्याचा जमाखर्चही मांडायला हवा.

आधी जमेची बाजू पाहू. ‘मॉडेल बी’ मध्ये ६५०२ या जातीचा मायक्रोप्रोसेसर होता व तो सेकंदाला २० लाख ठोक्यांच्या गतीने चाले. तात्पुरती स्मृती ३२ किलोबाइट, कायम स्मृतीही ३२ किलोबाइट. या कायम स्मृतीत यंत्र चालवणारी आज्ञावली आणि सोफी विल्सन यांनी लिहिलेली बेसिक भाषा असे. त्यामुळे बटण दाबताच विद्यार्थी आज्ञा लिहू शके. मागील बाजूस मोजमापासाठी खास खोबण होती. तिला थर्मिस्टर जोडला, की थंड होणाऱ्या पाण्याचा आलेख पडद्यावर काढता येई. विज्ञान शिक्षकाला याहून काय हवे?

आता खर्चाची बाजू. पडद्यावरचे चित्रही त्याच ३२ किलोबाइटमध्ये साठवले जाई. एका चित्रप्रकारात ३२० गुणिले २५६, म्हणजे ८१,९२० ठिपके असत. चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला दोन बिट लागत. गुणाकार करून आठाने भागा : २०,४८० बाइट, म्हणजे २० किलोबाइट केवळ चित्रात गेले! यंत्राच्या स्वतःच्या कामकाजासाठीचा भाग वजा केला, की विद्यार्थ्याच्या आज्ञावलीला आठ-नऊ किलोबाइट उरत.

यावर निर्मात्यांनी एक नामी तोड काढली होती. ‘मोड ७’ या प्रकारात पडद्यावर ४० अक्षरांच्या २५ ओळी, म्हणजे १,००० अक्षरे मावत. प्रत्येक अक्षराचा फक्त क्रमांक साठवायचा. तो एका बाइटात बसे, म्हणून सगळा पडदा १ किलोबाइटमध्ये भागे. अक्षराचा आकार एका वेगळ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. अडचण येथेच होती, कारण ते आकार रोमन लिपीचे होते आणि बदलता येत नव्हते.

सोलापूरचा विचार करा. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही माध्यमांच्या शाळा आहेत. या चारांपैकी एकही लिपी त्या स्वस्त पडद्यावर उमटू शकत नव्हती. दुसऱ्या प्रकारात अक्षर स्वतः रचता येई. पण तेथे प्रत्येक अक्षराचे आठ गुणिले आठ ठिपके साठवावे लागत, म्हणजे अक्षरामागे आठ बाइट. ‘मोड ६’ मध्ये तेवढ्याच १,००० अक्षरांना ८ किलोबाइट लागत. इंग्रजी ओळ एका पटीत, तर मराठी ओळ आठ पटींत!

ही रचना सोलापूरच्या मुलांना समजावणे अवघड नाही. जॅकार्डच्या मागावर चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात आणि मग पुठ्ठ्यावर भोके पाडतात. भोक आहे किंवा नाही, एवढीच ती भाषा. मुलांना आठ गुणिले आठ चौकटींत ‘क’ काढायला सांगा. प्रत्येक ओळीतील घरांना १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती देऊन भरलेल्या घरांची बेरीज करायला सांगा. पूर्ण शिरोरेघेची बेरीज २५५ येईल. हीच संख्या त्या संगणकाला द्यावी लागे. नंतर ‘कू’ आणि ‘र्की’ काढायला सांगा. वर रफार, खाली उकार आणि मध्ये चार-पाच ओळींत दाटीवाटीने बसलेले अक्षर पाहून मुले स्वतःच म्हणतील, की जागा पुरत नाही.

हा दोष निर्मात्यांना देता येणार नाही. त्यांनी यंत्र इंग्लंडमधील घराघरांसाठी व शाळांसाठी बनवले आणि ते काम उत्तम केले. उणीव निवडीच्या वेळी विचारायच्या प्रश्नात होती. ‘स्मृती किती? गती किती?’ हे प्रश्न सहज सुचतात. ‘आमचे अक्षर लिहायला किती खर्च येईल?’ हा प्रश्नही तेवढाच तांत्रिक आहे. भारतीय लिपींसाठी आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ तंत्र, तसेच १९९१ चे ‘इस्की’ मानक, ही याच प्रश्नाची उत्तरे होत.

आज स्मृतीची टंचाई उरलेली नाही. तरीही शाळेत नवे उपकरण किंवा नवी आज्ञावली आली, की पहिल्या दिवशी तिच्यावर ‘र्की’ लिहून पाहावे. त्या एका अक्षरावरून ती कोणाचा विचार करून बनवली आहे, हे बरेचसे कळते.