मालेगावचा सुपरमॅन आणि आपले हसू

मनमाडच्या पुढे, आमच्या नगर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे मालेगाव आहे. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर तिथे पिढ्यानपिढ्या मागावर बसले. त्यांच्यातल्याच पोरांनी, यंत्रमाग शुक्रवारी बंद राहतात म्हणून शुक्रवारी सिनेमा पाहणाऱ्या गावासाठी, स्वतःचा 'सुपरमॅन' काढला. दिग्दर्शक नासिर शेख, नायक यंत्रमाग कामगार शफिक. फैझा अहमद खान यांनी या खटाटोपावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा माहितीपट केला. तो मी वर्गात दाखवला.

पोरे खदखदून हसली. काटकुळे शरीर, चड्डीची लोंबणारी नाडी, हिरव्या कापडापुढे आडवा धरलेला वीर. मीही हसलो. मग आठवले की जत्रेतल्या तंबूत आम्ही वस्तीतली पोरे पडद्यामागे बसून सिनेमा पाहायचो. तिकीट स्वस्त, अक्षरे उलटी. नायक डाव्या हाताने मारायचा आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे. शफिकची नाडी पाहून हसणारा मी नेमका पडद्याच्या कोणत्या बाजूला बसलो होतो?

माहितीपटात हसू शफिकवर नाही, शफिकसह आहे. कॅमेरा पाण्यात पडतो, शूटिंगच्या मध्येच नायकाचे लग्न लागते, पुन्हा काम सुरू होते. २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने शफिक गेला. हे दुःख कोणी लिहून आणलेले नव्हते.

रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (२०२५) मात्र हा क्रम उलटा करतो. तिथे आधी आजार येतो आणि मग मित्र त्याला सुपरमॅन करतात. चित्रपट वाईट नाही. शशांक अरोरा यांचा शफिक मनात राहतो, मैत्रीतले हेवेदावेही खरे वाटतात. पण वास्तवात धडधाकट असतानाच मित्रांनी त्याला नायक निवडले होते. कारखान्यातला एक कामगार उडू शकतो, एवढाच त्यांचा दावा होता, आणि तो दावा मोठा होता. प्रस्थापित पडद्याला तो पेलला नाही. त्याला मरण जोडावे लागले. प्रेक्षक रडतो आणि देणे फिटले असे समजून बाहेर पडतो.

आपल्याकडेही 'फँड्री'ने (२०१३) अकोळनेरच्या जब्याला मरण दिले नाही. त्याने दगड उचलला. त्या दगडापुढे रडून सुटका नव्हती. शफिकला तेवढेही मिळू नये?

नवा चित्रपट पाहून आल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तो आजारी नसता तर त्यांनी त्याला हिरो केलं असतं का?" हा मुलगा सुट्टीत वीटभट्टीवर जातो. मी त्याला म्हणालो, मालेगावकरांनी केलं होतं. पुढच्या तासाला त्याने माहितीपट पुन्हा लावायला सांगितला. या वेळी नाडीपाशी कोणी हसले नाही. ते मला बरे वाटले नाही. हसायला हवे होते.