भाषेवाचून वाचन : जपानी व्हिडिओ गेम आणि मराठी ग्राहक

पारनेर तालुक्यातील सुपा येथे पुणे-अहिल्यानगर मार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीत जपानी उद्योगांसाठी स्वतंत्र क्षेत्र राखण्यात आले आहे. जपानशी चालणारा हा व्यवहार करारपत्रे, दुभाषे आणि अधिकृत मुद्रा यांच्या आधाराने चालतो. महाराष्ट्रातील एका पिढीची जपानी निर्मितीशी पहिली गाठ मात्र यांपैकी एकही आधार नसताना पडली. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात घरच्या टीव्हीला जोडलेल्या खेळयंत्रातून आणि व्हिडिओ गेम पार्लरमधून ती घडली. आपण खेळतो ते जपानी आहे, याचे भानही बहुतेकांना नव्हते. कृती पोचली, कर्ता, भाषा, कथा आणि पुष्कळदा शीर्षकही पोचले नाही. संहिता आणि ग्राहक यांचे नाते इतक्या उघड्या अवस्थेत क्वचितच पाहावयास मिळते, आणि म्हणूनच या घटनेकडे समीक्षेने केवळ करमणुकीचा इतिहास म्हणून पाहणे अपुरे ठरते.

व्हिडिओ गेम हे वाङ्मय नव्हे, हा आक्षेप येथे अपेक्षित आहे आणि तो मान्य करण्यास हरकत नाही. एस्पेन आर्सेथ यांनी १९९७ च्या ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात मांडलेला प्रश्न वेगळा आहे. ज्या संहितेतून वाट काढण्यासाठी वाचकाला पाने उलटण्यापलीकडचा खटाटोप करावा लागतो, तिचे स्वरूप कोणते, असा तो प्रश्न होय. मराठी ग्राहकाच्या बाबतीत हा खटाटोप दुहेरी होता. खेळ जिंकायचा होता आणि तो काय आहे हेही खेळूनच ठरवायचे होते.

निन्टेन्डो कंपनीचा ‘फॅमिली कॉम्प्युटर’ जपानमध्ये १९८३ साली आला. भारतात पोचल्या त्या प्रामुख्याने त्याच्या नकला. एकाच तबकडीवजा डबीत अनेक खेळ कोंबलेले असत आणि यादीतील आकडा प्रत्यक्षातील खेळांपेक्षा कितीतरी फुगवलेला असे. या डबीला मराठीत ‘कॅसेट’ म्हणत. अमेरिकेत तिला ‘गेम पॅक’ हे नाव होते; पण जपानी बोलीतही ती ‘कासेट्टो’च होती. दोन दूरच्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच उसना शब्द एकाच वस्तूला लावावा, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

या मार्गाने काय आले यापेक्षा काय आले नाही, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. धावणे, उड्या मारणे, गोळीबार, द्वंद्व, मोटारशर्यत हे प्रकार आले. दीर्घ संवाद आणि कथानक यांवर उभे असलेले भूमिकाप्रधान खेळ जवळजवळ आले नाहीत. भाषा हे एक कारण. दुसरे निव्वळ यांत्रिक आहे. दीर्घ खेळाची प्रगती जपून ठेवण्यासाठी मूळ कॅसेटमध्ये छोटी बॅटरी असे, आणि स्वस्त नकलेत तो खर्च सहसा केला जात नसे. स्मृती नसलेल्या कॅसेटमध्ये कादंबरी मावत नाही. प्रकारांची ही निवड मराठी अभिरुचीने केलेली नव्हती, हे विसरून ‘आपल्याकडील मुलांना मारधाडच आवडे’ असा निष्कर्ष काढला जातो तेव्हा बाजाराच्या कंजुषीचे खापर रसिकाच्या माथी फोडले जाते.

‘कॉन्ट्रा’चे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. कोनामी कंपनीचा हा खेळ १९८७ चा, घरगुती आवृत्ती १९८८ ची. महाराष्ट्रात त्याचे आयुष्य पुढच्या दशकात बहरले. जपानी आवृत्तीत कथा २६३३ सालातील एका बेटावर घडते आणि तीत नकाशा व मधली कथादृश्ये आहेत. अमेरिकी पुस्तिकेने तीच कथा वर्तमानकाळात, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणून बसवली. युरोपात तर माणसांच्या जागी यंत्रमानव आले आणि नाव ‘प्रोबोटेक्टर’ झाले. म्हणजे अधिकृत कथाच एकाहून अधिक. मराठी खेळगड्याकडे पुस्तिकाच नव्हती, म्हणून त्याच्या वाट्याला यांपैकी एकही कथा आली नाही. उघड्या अंगाचे दोघे उजवीकडे धावत राहतात, एवढीच संहिता. बार्थने लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. येथे लेखक मरण्यासाठीही जन्मला नव्हता. पुस्तिकेची जागा मौखिक परंपरेने घेतली. तीनाऐवजी तीस ‘लाइफ’ मिळवून देणारा बटणांचा क्रम एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडोतोंडी जाई, पाठांतरासारखा.

ग्राहकाने कृतीवर स्वतःची मुद्रा उमटवल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पार्लरमधले आहे. कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ १९९३ साली आला. तो मार्क शुल्त्झ या अमेरिकी चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथामालेवर आधारलेला. त्या मालेचा नायक जॅक टेनरेक. पण भारतीय पार्लरमध्ये या खेळाचे नाव सरळ ‘मुस्तफा’ असे झाले. चार पात्रांपैकी पिवळी टोपी घालणारा, वेगाने धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा कैरो हा त्याचा खरा नायक ठरला. खेळण्यातली त्याची चपळाई हे कारण आहेच. पण चौघांत हे एकच नाव इथल्या जिभेला आपल्या शेजारपाजारचे वाटणारे होते, हेही खरे. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबई होरपळली त्या दशकात, नाण्यासाठी खिसे चाचपणारी सर्व धर्मांची मुले ‘मुस्तफा खेळू’ म्हणत होती. यातून सलोख्याचा सिद्धान्त उभारणे उतावीळपणाचे होईल. मात्र लेखकाने दुय्यम ठेवलेले पात्र ग्राहकांनी शीर्षकस्थानी नेले, ही वस्तुस्थिती कोणत्याही ग्रहणसिद्धान्ताने विचारात घ्यावी इतकी स्पष्ट आहे.

याच यंत्रांवर भारत स्वतःलाही भेटत होता. ‘स्ट्रीट फायटर २’ मध्ये (कॅपकॉम, १९९१) धालसिम हा भारतीय योगी आहे. कृश देह, गळ्यात लहान कवट्यांची माळ, तोंडातून अग्नी, पार्श्वभूमीला हत्ती. एडवर्ड सईद यांनी १९७८ मध्ये दाखवून दिलेल्या पौर्वात्यवादाचा हा ढोबळ नमुना म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. फरक इतकाच, की येथे पाहणारा डोळा युरोपीय नसून आशियाई आहे. भारताची ही आकृती जपानने बनवली, आणि तिचे लांबणारे हातपाय १९७६ च्या एका चिनी मारामारीपटातील योग्यावरून सुचले असे मानले जाते. प्रतिमेची प्रतिमा, तीही शेजाऱ्याने काढलेली.

परंतु खेळातील पात्र वेशभूषेत संपत नाही. ते हालचालीत घडते. धालसिम चालतो संथ आणि उडी घेतो तरंगत. जवळच्या झटापटीत तो दुबळा, पण त्याचा हात पडद्याचा मोठा भाग ओलांडून जातो. त्याला घेऊन जिंकायचे तर धावून जाणे सोडावे लागते; अंतर राखावे लागते, प्रतिस्पर्ध्याला येऊ द्यावे लागते. गरीब गावासाठी पैसा मिळवण्याकरिता तो लढतो आणि लढणे आपल्या श्रद्धेशी सुसंगत आहे काय या शंकेने ग्रासलेला आहे, असे त्याचे मूळ चरित्र सांगते. हे चरित्र ज्याने कधी वाचले नाही अशा मुलाच्या बोटांनाही तो संयम शिकावाच लागे. चित्राने विद्रूप केलेल्या पात्राला रचनेने प्रतिष्ठा दिली, असा हा विरळा प्रसंग आहे. आशयनिष्ठ टीकेच्या हाती यातली केवळ कवट्यांची माळ लागते.

ज्या प्रकारांना येथवर वाट मिळाली नाही, त्यांत ‘ड्रॅगन क्वेस्ट ५’ (एनिक्स, १९९२) येतो. युजी होरी यांच्या या खेळात नायक बापाचे बोट धरून फिरणारे पोर म्हणून सुरू होतो. बाप डोळ्यांदेखत मारला जातो, पुढची दहा वर्षे गुलामगिरीत जातात, लग्न कोणाशी करायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचे असते, आणि अखेर कळते की भाकितातला वीर तो नव्हेच, त्याचे मूल आहे. याची अधिकृत इंग्रजी आवृत्ती २००९ पर्यंत निघाली नाही. त्याच १९९२ साली चुनसॉफ्टने ‘ओतोगिरिसो’ काढला: पडद्यावर मजकूर, ध्वनी आणि वाचकाने निवडायचे फाटे. १९९४ च्या ‘कामाइताची नो योरु’चे लेखन ताकेमारु आबिको या रहस्यकादंबरीकाराने केले. मराठी समीक्षेला ज्यात आपली परिभाषा तत्काळ वापरता आली असती, असे हे खेळ. ते जपानी लिपीतच राहिले, आणि मराठी मुलांना वाचायला मिळाले ते फक्त शरीर: धावणारे, उडी मारणारे, लाथ घालणारे.