चाकोरी कोणासाठी? विनाचालक ट्रक आणि महामार्गाचं नियोजन

गेल्या वेळी आपण ‘यंत्र निर्णय घेतं, म्हणजे नेमकं काय करतं?’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न घेऊन महामार्गावर उतरू. मालाचे ट्रक चालकाविना धावावेत म्हणून जे खास मार्ग आखले जात आहेत, त्या आखणीची चिकित्सा करायची आहे. हा विषय इंजिनिअरांचा, त्यात तत्त्वज्ञानवाल्यांचं काय काम, असं कोणी विचारेल. पण रस्ता कुठून जाणार, कोणासाठी जाणार आणि त्याची झळ कोण सोसणार, हे प्रश्न डांबर आणि सिमेंटचे नाहीत. ते न्यायाचे प्रश्न आहेत.

आधी वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात डॅलस आणि ह्यूस्टन ही शहरं आय-४५ या महामार्गाने जोडलेली आहेत. अंतर साधारण ३८५ किलोमीटर. १ मे २०२५ रोजी ऑरोरा या कंपनीने जाहीर केलं, की या मार्गावर आमचे ट्रक चालकाविना व्यावसायिक मालवाहतूक करू लागले आहेत. त्याच महिन्यात ट्रक बनवणाऱ्या पॅकार कंपनीच्या विनंतीवरून पुढच्या सीटवर एक माणूस पुन्हा बसवावा लागला. कंपनीचं म्हणणं, तो गाडी चालवत नाही, फक्त निरीक्षक आहे. जरा थांबून विचार करा. जो चालवत नाही, पण ज्याचं तिथे असणं कोणाला तरी गरजेचं वाटतं, तो माणूस नेमका कशासाठी आहे? आजचं सगळं विवेचन या एका प्रश्नात आहे.

अशा वाहनांचा विषय निघाला की आमच्या विषयातली मंडळी लगेच ट्रॉलीचा प्रश्न पुढे करतात. फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ च्या एका लेखात तो मांडला. ट्राम सुसाट निघाली आहे, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. चालकाने काय करावं? पुढे ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी त्याला ‘ट्रॉली प्रश्न’ हे नाव दिलं आणि त्यावर ग्रंथालयं भरली. आम्हीही तो वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि शिकवायला तो उत्तमच आहे. पण महामार्गाच्या नियोजनावर बोलताना तो आपल्याला चुकीच्या दारात नेऊन उभं करतो. त्या प्रश्नात रूळ आधीच टाकलेले असतात आणि माणसं आधीच बांधलेली असतात. रूळ तिथे कोणी टाकले, हे कोणी विचारत नाही. अपघाताच्या त्या एका क्षणावर आपण इतकी चर्चा करतो, की त्याआधी दहा वर्षं नकाशावर झालेले निर्णय नजरेतून सुटतात.

हे निर्णय कोणते? पहिला निर्णय म्हणजे कामाची वाटणी. सध्याच्या योजनांची रचना साधारण अशी: शहराबाहेर, महामार्गाला लागून मोठे तळ उभारायचे. एका तळापासून दुसऱ्या तळापर्यंत यंत्र ट्रक नेणार. तळापासून गोदामापर्यंत, म्हणजे गल्लीबोळ, सिग्नल, वळणं, गोदामाच्या धक्क्याला ट्रक मागे घेऊन लावणं, हे सगळं माणूस करणार. सरळ, सपाट, एका वेगाचं काम यंत्राला आणि किचकट काम माणसाला. यात वावगं काय, असं वाटेल. पण अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाला बहुतेक ठिकाणी मैलामागे पैसे मिळतात. म्हणजे त्याची कमाई सरळ रस्त्यावर होते आणि वेळ शहरात जातो. गोदामाबाहेर ताटकळण्याचे पैसे बहुधा मिळत नाहीत किंवा नावापुरते मिळतात. आता यंत्राने मैल घेतले आणि माणसाकडे ताटकळणं ठेवलं, तर मजुरीचं गणितही बदलायला हवं. तळांच्या जागा, मार्गिकांची रुंदी, सेन्सर यांवर पुष्कळ बोललं जातं. मजुरीच्या या गणितावर त्या मानाने फारच कमी.

दुसरा निर्णय जबाबदारीचा. अमेरिकेच्या केंद्रीय नियमानुसार मालाचा ट्रक महामार्गावर बंद पडला, तर चालकाने दहा मिनिटांच्या आत धोक्याची सूचना देणारे परावर्तक त्रिकोण रस्त्यावर ठेवायचे असतात. ट्रकमध्ये माणूसच नसेल तर ते कोण ठेवणार? ऑरोरा आणि वेमो या कंपन्यांनी मागणी केली, की त्रिकोणांऐवजी केबिनवर लुकलुकणारे दिवे चालवून घ्यावेत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारी यंत्रणेने ती फेटाळली आणि ऑरोरा न्यायालयात गेली. ही बाब किरकोळ वाटते, पण तिच्यातून मोठी गोष्ट उघड होते. गाडी हाकणं हा चालकाच्या कामाचा एक भाग. टायरवर हात फिरवून पाहणं, दोर सैल झाला का ते बघणं, मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला सावध करणं, हेही त्याचंच काम. आपल्याकडे ट्रक बंद पडला की ड्रायव्हर-क्लीनर रस्त्यात दगड आणि झाडाच्या फांद्या रचतात. त्याची पद्धत धोक्याची आहे, कारण दगड मागे तसेच राहतात. पण त्यामागची जाणीव खरी आहे: माझ्यामुळे दुसऱ्याचा जीव जाऊ नये. लुकलुकता दिवा कदाचित त्रिकोणाइतकाच उपयोगी ठरेलही. ते तपासून ठरवता येईल. प्रश्न असा, की चालक गेल्यावर त्याच्याकडे असलेली ही सारी न मोजलेली कर्तव्यं कोणाच्या नावावर लावायची? याचं उत्तर योजनेत लिहिलेलं नसेल, तर ती कर्तव्यं मागून येणाऱ्याच्या डोक्यावर पडतात.

तिसरा निर्णय रस्त्याच्या झिजेचा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा, की ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. शिवाय माणूस ट्रक चालवतो तेव्हा तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे सरकत असतो. हा माणसाचा दोष समजला जातो, पण त्या दोषामुळे चाकांचा भार रस्त्याच्या रुंदीवर पसरतो. यंत्र मात्र मार्गिकेच्या नेमक्या मध्यातून जातं. प्रत्येक ट्रक त्याच रेघेवरून गेला तर तिथे खोलगट पट्टे पडतात. बैलगाडीच्या चाकांनी पडणाऱ्या अशाच पट्ट्याला आपण चाकोरी म्हणतो. सगळ्यात आधुनिक वाहन सगळ्यात जुनी खूण पुन्हा उमटवणार! यावर तांत्रिक उपाय आहे: यंत्रालाच थोडं इकडेतिकडे सरकायला सांगता येतं. पण ते सांगायचं कोणी आणि तोवर झालेल्या झिजेचा खर्च कोणाचा? नफा कंपनीचा आणि डांबर करदात्याचं, ही वाटणी गुपचूप होऊन जाऊ नये, एवढंच आमचं म्हणणं.

या वाटण्या इतिहासात पूर्वी झालेल्या आहेत. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ चा. त्या महामार्गांनी देश जोडला आणि अनेक शहरांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या चिरल्या. ह्यूस्टनमध्ये आय-४५ च्याच रुंदीकरणात हजाराच्या वर घरं जाणार असं दिसल्यावर नागरी हक्कांच्या तक्रारी झाल्या. २०२१ मध्ये केंद्रीय यंत्रणेने काम थांबवायला लावलं आणि २०२३ मध्ये तडजोड होऊन ते पुढे सरकलं. हे रुंदीकरण विनाचालक ट्रकांसाठी नव्हे, हे स्पष्ट करतो. पण ज्या रस्त्याचा इतिहास असा, त्याला ‘आदर्श मार्ग’ म्हणताना ती घरं आठवायला हवीत.

आता जपानकडे पाहू, म्हणजे आपली टीका एकांगी राहणार नाही. तिथे शिन-तोमेई द्रुतगती मार्गावर सुमारे १०० किलोमीटरच्या पट्ट्यात मार्च २०२५ पासून रात्रीच्या वेळी स्वयंचलित ट्रकांसाठी प्राधान्याची मार्गिका ठेवून चाचण्या सुरू झाल्या. त्यामागचं कारण वेगळं आहे. एप्रिल २०२४ पासून जपानने ट्रकचालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा घातली. समाज म्हातारा होतो आहे, नवे चालक येत नाहीत. काहीच केलं नाही तर २०३० पर्यंत वाहतूक क्षमता सुमारे ३४ टक्क्यांनी कमी पडेल, असा तिथला सरकारी अंदाज आहे. म्हणजे आधी माणसाची झोप वाचवणारा कायदा आणि मग उरलेली पोकळी भरायला यंत्र. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतही चालकांचा तुटवडा हेच कारण दिलं जातं. पण तिथल्या मोठ्या वाहतूक कंपन्यांत वर्षाकाठी नोकरी सोडून जाणाऱ्या चालकांचं प्रमाण अनेक वर्षं ९० टक्क्यांच्या आसपास राहिलेलं आहे. याला तुटवडा म्हणायचं की गळती? भांड्याला भोक असेल तर पाण्याची टंचाई आहे असं आपण म्हणत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दमदार आहे. दमलेला, डोळे मिटत आलेला चालक दर रात्री माणसं मारतो. यंत्र झोपत नाही. मग एक जीव जरी वाचणार असेल, तर मजुरी आणि झिजेचे हिशेब कशाला? आम्हाला हा युक्तिवाद मान्य आहे, पण अर्धाच. यंत्र खरोखर सुरक्षित ठरलं तर ते वापरणं हे कर्तव्य होईल. मात्र चालक दमतो तो निसर्गनियमाने जितका, तितकाच मैलामागे पैसे देणाऱ्या पद्धतीने. अमेरिकेत कायद्याने त्याला सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालवता येते. गोदामाने त्याचे चार तास खाल्ले, तर उरलेल्या वेळात मैल भरून काढायची घाई त्याची. सुरक्षिततेची एवढी कळकळ असेल, तर ताटकळण्याचे पैसे देण्याचा नियम उद्या करता येईल. त्याला सेन्सर लागत नाहीत.

मग करायचं काय? एक जुनं उदाहरण आहे. १९५६ मध्येच माल्कम मॅक्लीन यांचं पहिलं कंटेनरवाहू जहाज नेवार्कहून निघालं आणि पोचलं कुठे, तर ह्यूस्टनला. कंटेनरमुळे गोदी कामगारांची गरज झपाट्याने घटणार हे दिसत होतं. १९६० मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने मालकांशी करार केला. यंत्रांना विरोध सोडला आणि बदल्यात नोंदणीकृत कामगारांना नोकरीची हमी आणि लवकर निवृत्तीचे पैसे मिळवले. तो करार निर्दोष नव्हता. नोंदणीबाहेरचे कामगार बाहेरच राहिले आणि त्यावर पुढे भांडणंही झाली. पण त्याने एक तत्त्व मान्य केलं: यंत्राने वाचवलेल्या श्रमावर, ते श्रम आजवर करणाऱ्याचाही हक्क आहे.

जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात सुचवलेली कसोटी इथे लावून पाहा. आपण कंपनीचे भागधारक असू, पन्नाशीतले ट्रकचालक असू, की तळाशेजारच्या वस्तीत राहणारे, हे ठाऊक नसताना हा मार्ग आखायला बसलो, तर काय मागू? निदान तीन गोष्टी: झिजेच्या प्रमाणात टोल, चालकाच्या प्रत्येक कर्तव्याला एक नाव असलेला वारस, आणि तळ कुठे होणार हे ठरवताना शेजाऱ्यांना मत.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा वाटतो. डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी नागपुरात सांगितलं, की विनाचालक गाड्या मी भारतात येऊ देणार नाही, कारण चालकांच्या नोकऱ्या जातील. भावना योग्य आहे, पण नकार म्हणजे नियोजन नव्हे. मंत्री बदलतात, रस्ते राहतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ठराविक ठिकाणीच प्रवेश असलेला असा रस्ता यंत्राला सोयीचाच. अवघड भाग भिवंडीच्या गोदामांपाशी आणि न्हावा-शेवाच्या रांगांत आहे, आणि तिथे माणूसच लागणार. शिवाय एकाच रेघेवरून, एकामागोमाग, ठराविक तळांदरम्यान माल न्यायचा असेल, तर त्या वाहनाला आपण फार पूर्वीपासून मालगाडी म्हणतो. न्हावा-शेवा ते दादरी हा १५०६ किलोमीटरचा समर्पित मालवाहतूक मार्ग रेल्वेचाच आहे. रस्त्यावर नवी चाकोरी पाडण्याआधी हा रूळ पुरता वापरला का, हे विचारणं म्हणजे प्रगतीला विरोध नव्हे.

पुढच्या वेळी आपण याच धाग्यावर, कर्ता नसलेल्या कृतीची जबाबदारी कोणाची, हे पाहू. तोवर महामार्गावर एखादा ट्रक बंद पडलेला दिसला, तर त्याच्या मागे काय ठेवलं आहे आणि ते कोणी ठेवलं, एवढं बघून ठेवा. आता प्रश्न विचारा.