पात्रांची कुळे आणि वाचकांची जात

वाचकाला एखादे पात्र आवडले की तो त्याच्या आईबापाचा शोध घेऊ लागतो. लेखकाने जे सांगितलेले नसते ते तो संहितेतल्या खुणांवरून जुळवतो, तर्क बांधतो आणि पात्राला एक दडलेले कूळ बहाल करतो. कादंबरी वाचणारे हे करतात, चित्रपट पाहणारे करतात, कीर्तनाला बसणारेही करतात. आपले समीक्षक या प्रकाराकडे हौशी माणसांचा खेळ म्हणून पाहतात आणि सोडून देतात. मला तसे करता येत नाही. ज्या समाजात 'तू कुणाचा?' या प्रश्नाच्या उत्तरावर पाणी, घर, शाळा आणि लग्न ठरत आले, त्या समाजात पात्राचे कूळ शोधणे हा निव्वळ खेळ राहू शकत नाही. हा शोध कोणत्या दिशेने जातो, कुणाला काय देतो आणि कुणाकडून काय काढून घेतो, हे तपासणे दलित समीक्षेचे काम आहे.

सुरुवात कर्णापासून करणे भाग आहे. मराठी वाचकाने त्याच्याइतके प्रेम क्वचितच कुणावर केले असेल. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली, आणि दोन्ही अजून वाचल्या जातात. मी महाविद्यालयात शिकवतो. कर्णाविषयी विद्यार्थ्यांना बोलते केले की दोन वाक्ये हमखास एकामागून एक येतात. पहिले वाक्य असे की, कर्णावर जातीमुळे अन्याय झाला. दुसरे असे की, आणि तो तर मुळात क्षत्रियच होता! दुसरे वाक्य उच्चारणाऱ्याला वाटते की आपण अन्याय अधिक ठळक केला. प्रत्यक्षात त्याने अन्यायाचा अर्थच बदललेला असतो. पहिल्या वाक्यात अन्याय हा आहे की माणसाची जात विचारली गेली. दुसऱ्या वाक्यात अन्याय एवढाच उरतो की ती चुकीची लावली गेली. मग कर्ण खरोखरच राधेच्या पोटी जन्मला असता तर कृपाचार्यांनी भर रंगभूमीवर त्याला कूळ विचारणे योग्य ठरले असते काय? दुसऱ्या वाक्याचे उत्तर 'हो' असे आहे. ते कुणी मोठ्याने देत नाही इतकेच.

या वाचनाचा पहिला आचार्य महाभारतातच आहे. तो दुर्योधन. आदिपर्वात कर्णाला अंगदेशाचा अभिषेक होतो. तेवढ्यात घामाने निथळणारा, काठी टेकत आलेला अधिरथ तेथे पोहोचतो आणि कर्ण अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्यापुढे लववतो. भीम हसतो आणि त्याला चाबूक हाती घ्यायला सांगतो. तेव्हा दुर्योधन मित्राची बाजू घेतो. पण कशी? शूरांचे आणि नद्यांचे मूळ कळत नसते असे तो आधी म्हणतो, आणि लगेच पुढे असे की, हरिणीच्या पोटी असा वाघ जन्माला येईलच कसा? भीमाचे म्हणणे असे की हा सूत आहे म्हणून नालायक आहे. दुर्योधनाचे म्हणणे असे की हा लायक आहे म्हणून सूत नसणारच. सूत लायक असू शकत नाही यावर शत्रू आणि मित्र या दोघांचे एकमत आहे! आणि हे सारे अधिरथाच्या देखत चालले आहे. हा पराक्रमी मुलगा तुझा असणे शक्य नाही, असेच दुर्योधनाचे कौतुक त्या म्हाताऱ्याला सांगत आहे.

कर्णाचे स्वतःचे म्हणणे काय, हे मात्र त्याचे चाहते फारसे विचारात घेत नाहीत. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचे रहस्य सांगतो आणि पांडवांचा थोरला भाऊ म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो. मला पाहताच राधेला पान्हा फुटला, तिने माझे मलमूत्र काढले, अधिरथाने माझे संस्कार केले, सूतांच्या मुलींशी माझी लग्ने झाली, हे नाते सोन्याच्या राशींसाठी वा सगळ्या पृथ्वीसाठीही मी खोटे पाडणार नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. दुर्योधनाशी असलेली निष्ठाही त्यात आहे, ती मी लपवत नाही. पण ज्याचे कूळ शोधायला सारा महाराष्ट्र धावतो, त्या माणसाने ते कूळ हातात आले असता परत केले. म्हणून 'तो मुळात क्षत्रियच होता' हे वाक्य कर्णाच्या प्रेमातून आलेले असले तरी कर्णाच्या निर्णयाविरुद्ध जाते.

एकलव्याच्या बाबतीत परंपरेने याहून पुढचा डाव टाकला आहे. आदिपर्वात तो निषादराज हिरण्यधनूचा मुलगा आहे. हरिवंशात पाहावे तर तो देवश्रव्याचा, म्हणजे वसुदेवाच्या भावाचा मुलगा होतो. निषादांनी त्याला केवळ वाढवले! म्हणजे आपण ज्याला शोषिताचे प्रतीक म्हणून कवितेत उभे केले तो कृष्णाचा चुलतभाऊ निघाला. अंगठा द्रोणाने घेतला. जो हात इतका नेमका बाण मारू शकत होता तो हात निषादाचा, ही गोष्ट मात्र वंशावळीने घेतली. दोहोंतली कोणती हानी मोठी याचा वाचकांनी विचार करावा.

उलट दिशेचे तर्क झाले नाहीत असे नाही. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा अशी शक्यता मांडली. तिला आधार आहेत. विदुर हा शाप भोगणारा यमधर्म, युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र, नवरा असमर्थ असता दिराकडून संतती घेण्याची चाल, आणि शेवटी आश्रमवासिकपर्वात विदुराचा प्राण युधिष्ठिराच्या देहात शिरणे. विदुर दासीचा मुलगा. म्हणजे हस्तिनापूरच्या सिंहासनावर दासीचा नातू बसला. हा तर्क खरा की खोटा हा आपला प्रश्न नव्हे. 'युगान्त' हे मान पावलेले पुस्तक आहे, पण व्याख्यानात, स्पर्धेत वा गप्पांत धर्मराजाच्या या बापाचे नाव मी क्वचितच ऐकले. कर्णाला वर नेणारे रहस्य सगळ्यांना पाठ आहे. धर्मराजाला खाली आणणारी शक्यता पुस्तकातच राहिली.

येथे एक भेद स्पष्ट करायला हवा. उच्च कूळ दडलेले असेल तर आपण त्याला रहस्य म्हणतो. नीच मानलेली जात दडवली तर तिला चोरी म्हणतो. बाबुराव बागुलांनी १९६३ साली 'जेव्हा मी जात चोरली होती' हे नाव दिले ते किती नेमके आहे! रेल्वेत नोकरीला लागलेला माणूस जात सांगत नाही, उघडकीला येतो आणि मार खातो. कर्णानेही एकदा जात चोरली होती. परशुरामाकडे अस्त्र शिकण्यासाठी तो ब्राह्मण म्हणून राहिला. किड्याने मांडी पोखरली तरी गुरूची झोप मोडू नये म्हणून हलला नाही. परशुरामाने काय ताडले? ब्राह्मण एवढी वेदना सोसणार नाही, हे धैर्य क्षत्रियाचे दिसते. सोसण्यालासुद्धा वर्ण लावला गेला. खरे सांग म्हटल्यावर कर्ण म्हणाला, मी सूत आहे. शाप मिळाला. बागुलांच्या नायकाला बडवणारे कामगार आणि शाप देणारा ऋषी यांच्यात मला फार अंतर दिसत नाही. आजही शहरात भाड्याची खोली शोधताना घरमालक आडनाव विचारतो, आणि आपला पदवीधर मुलगा क्षणभर थांबतो. त्या क्षणभराच्या थांबण्यावर कुणी रम्य कादंबरी लिहीत नाही.

आधुनिक करमणुकीने हा साचा जसाच्या तसा उचलला. १९५१ सालचा 'आवारा' पाहा. कथा-पटकथेत ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारखा पुरोगामी लेखक. न्यायाधीश रघुनाथ म्हणतो, चोराचा मुलगा चोरच होतो. चित्रपट हे मत खोडून काढायला निघतो. पण ज्याच्या आधारे ते खोडायचे तो राज कोण आहे? त्याच न्यायाधीशाचा मुलगा! परिस्थिती माणसाला घडवते हे सांगताना लेखकाने वस्तीतले खरेखुरे पोर घेतले नाही, बंगल्यातून वस्तीत पडलेले घेतले. प्रेक्षकाची सहानुभूती त्या रक्तावर वसूल झाली. जग्गा डाकू कुणामुळे डाकू झाला हा प्रश्न चित्रपटात आहे, पण त्याच्यासाठी कुणी रडत नाही.

ही सवय कल्पित पात्रांपुरती थांबती तर मी एवढे लिहिलेही नसते. ती हाडामांसाच्या माणसांपर्यंत जाते. कबीर विणकराच्या घरात वाढला, तर तो ब्राह्मण विधवेचा टाकलेला मुलगा ठरला. रविदासाने छाती फाडून आतले जानवे दाखवले अशी कथा रचली गेली. चामडे कमावणाऱ्याच्या हातून अशी वाणी निघू शकते हे मान्य करण्यापेक्षा त्याची छाती फाडणे कथाकारांना सोपे वाटले.

हे आपल्याकडेच घडते असे समजू नये. एमिली ब्राँटेच्या 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) या कादंबरीतला हीथक्लिफ घ्या. अर्नशॉ नावाचा शेतकरी लिव्हरपूलला जातो आणि रस्त्यावर सापडलेले काळेसावळे पोर घरी आणतो. त्याला मेलेल्या मुलाचे नाव देतात, आडनाव देत नाहीत. कुणी त्याला जिप्सी म्हणते, कुणी 'लास्कर'. लास्कर म्हणजे पूर्वेकडून जहाजांवर गेलेला खलाशी. पुढे या खलाशांत आपल्या रत्नागिरीकडची माणसेही पुष्कळ होती. लेखिका त्याचे मूळ शेवटपर्यंत सांगत नाही. म्हणून वाचकांनी दीडशेहून अधिक वर्षे ते शोधले. काहींनी तो अर्नशॉचाच अनौरस मुलगा ठरवला. गूढ सुटले, पोर घरातलेच निघाले, कुणाला लिव्हरपूलकडे पाहायला नको. गंमत अशी की असा शोध कादंबरीतच एक पात्र घेते. नेली ही घरातली नोकर बाई पोराची समजूत काढताना म्हणते की तुझा बाप चीनचा सम्राट असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. नोकर बाईलासुद्धा दुसऱ्या निराधाराला धीर द्यायचा तर राजवाडाच आठवतो! तिचे प्रेम खरे आहे, आणि तिच्याजवळची भाषा दुर्योधनाचीच आहे.

दुसऱ्या वाचकांनी वेगळे विचारले. हे पोर त्या रस्त्यावर आलेच कसे? कथेचा काळ मागे मोजला तर ते १७७० च्या सुमारास घरी येते. तेव्हा लिव्हरपूल हे गुलामांच्या व्यापाराचे बडे बंदर होते. ब्रिटनने तो व्यापार बंद केला १८०७ साली. ज्या जहाजांनी त्या शहराला श्रीमंत केले त्या जहाजांकडे हा वाचक बोट दाखवतो. १९३९ च्या चित्रपटात लॉरेन्स ऑलिव्हिए हा गोरा नट हीथक्लिफ झाला. २०११ साली अँड्रिया अर्नोल्ड यांनी त्याच भूमिकेसाठी काळे नट घेतले. हीथक्लिफ नेमका कोण होता हे त्यामुळे सिद्ध होत नाही, आणि व्हायची गरजही नाही. पानावर पहिल्यापासून असलेला काळा रंग लोकांना निदान दिसला.

यावर माझे कार्यकर्ते मित्र विचारतील, मग आपले काय? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीचे राज्य शोधले. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र मूळचे कोण आणि १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण हे शोधले. हाही दडलेल्या कुळाचाच शोध नाही का? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. शूद्र हे मूळचे क्षत्रिय होते असे बाबासाहेबांनी मांडले हे खरे. पण त्या मांडणीचा जोर कशावर आहे? उपनयन नाकारून एका समूहाला खाली कसे ढकलले गेले, यावर. अस्पृश्यांविषयी लिहिताना तर त्यांनी स्पृश्य आणि अस्पृश्य यांच्यात वंशाचा भेद नाही असेच सांगितले. त्यांच्या प्रमेयांतले तपशील इतिहासकारांनी तपासावेत, पण शोधाची दिशा पाहा. कर्णाचा चाहता एकट्याला वर उचलतो आणि बाकीची वस्ती होती तेथेच ठेवतो. जोतीराव आणि बाबासाहेब साऱ्या वस्तीला विचारतात, तुम्हाला येथे आणून कुणी टाकले? पहिल्या शोधाच्या शेवटी रक्त पवित्र होते, दुसऱ्याच्या शेवटी रक्ताचा प्रश्नच निकालात निघतो.

पहिल्या शोधाचा मोह आपल्यालाही होतो, हे सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जनगणनेच्या वेळी देशभर कितीतरी जातींनी आपण मूळचे क्षत्रिय वा ब्राह्मण असल्याचे अर्ज केले. अजूनही जातीजातींची मंडळे आपली सूर्यवंशी वंशावळ छापतात आणि तरुण ती अभिमानाने वाटतात. आपल्या कवितेतला कर्ण जेव्हा 'मी सूर्याचा पुत्र' म्हणून गर्जतो तेव्हा मला त्याच अर्जांची आठवण येते. सूर्याचा पुत्र म्हणून हक्क मागणारा माणूस राधेच्या बाकीच्या मुलांचे हक्क सोडून देतो. अधिरथ-राधेला पुढे स्वतःची मुलेही झाली होती. त्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे. आवडत्या पात्राचे मूळ शोधू नका असे मी म्हणत नाही. अवश्य शोधा. फक्त शोध संपल्यावर एक हिशोब मांडा. या शोधाने पात्राभोवतीच्या माणसांचे काय झाले? ज्यांनी त्याला पाजले, शिकवले, वाढवले ती माणसे मोठी झाली, की केवळ सांभाळणारी ठरून बाजूला पडली? मूळ कळल्यावर पात्राला छळणारी व्यवस्था दोषी ठरली, की तिचा फक्त पत्ता चुकला असे ठरले? या प्रश्नांना उत्तर देऊ न शकणारे वाचन कितीही बुद्धिमान असो, ते दुर्योधनाच्या बाकावर बसून केलेले वाचन आहे. त्या रंगभूमीवर काठी टेकत उभा असलेला अधिरथ कुणीतरी वाचायला हवा, आणि ते काम आपल्याशिवाय दुसरे कोण करणार?